इंदूअक्कांच्या शेतातला खोटा भात

मागच्या श्रावणात मी साक्रीच्या पश्चिमेला अकरा दिवस राहून आले. तिथे धुळे जिल्हा संपत येतो आणि डोंगर सुरू होतात. निघाले होते तीन दिवसांसाठी. गावाचं नाव लिहीत नाही. "आमना गावनं नाव लिखानं नही, बाई," असं इंदूअक्कांनी बजावलंय, आणि त्यांचा शब्द मोडायची माझी छाती नाही.

पिंप्राळ्याहून निघताना

मी जळगावच्या एका शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं. निवृत्त झाले तशी पिंप्राळ्यातल्या घरात कुंड्या आणि वर्तमानपत्रं यांत दिवस बरे चालले होते. एका सकाळी निर्मलाचा फोन आला. निर्मला माझी जुनी विद्यार्थिनी. लग्न होऊन साक्री तालुक्यात गेली आणि आता तिथल्याच अंगणवाडीत काम करते.

"मॅडम, तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं ना गेल्या वर्षी?"

"झालं. का गं?"

"आईंचंही झालंय. दोन्ही डोळ्यांचं. धुळ्याचे डॉक्टर म्हणतात, नजर चांगली आहे. गाव म्हणतं, बाईला दिसत नाही. आता आईपण तेच म्हणायला लागल्यात. आणखी एकदा दाखवू म्हटलं तर ऐकत नाहीत. तुम्ही येऊन बोलता का? तुमचं ऐकतील."

आई म्हणजे तिची सासू, इंदूअक्का. निर्मलाच्या लग्नात मी त्यांना एकदाच पाहिलं होतं. उंच बाई, खणखणीत आवाज. साऱ्या पंगतीवर त्यांचीच देखरेख होती. त्या बाई आता घराबाहेर पडत नाहीत, हे काही मला पटेना.

रिकाम्या हाती जायचं नाही म्हणून यावलला भावाच्या मळ्यातून केळीच्या दोन फण्या मागवल्या, अगदी हिरव्या, म्हणजे वाटेत टिकतील. एरंडोल, पारोळा करत एसटीने धुळ्याला पोचले. स्टँडबाहेर शेवभाजी खाल्ली. आम्हा जळगावकरांना आपलीच शेवभाजी खरी वाटते, पण धुळ्याची जास्त तिखट होती आणि जास्त चांगलीही होती. हे घरी कोणाला सांगितलेलं नाही.

धुळ्यापर्यंत आभाळ कोरडं होतं. साक्रीच्या अलीकडे माळावर पवनचक्क्या दिसायला लागल्या, तसा वारा गार झाला. साक्रीला उतरून जीप धरली. पिंपळनेरच्या पुढे पाऊस भेटला आणि रंगच बदलला. आमच्याकडे तापीकाठी काळी जमीन आणि सरळ रेषेत लावलेली केळी, सगळं मापात. इथे सागाचे डोंगर, उतारावर छोटी छोटी खाचरं आणि प्रत्येक खाचराचा आकार वेगळा. शेवटचा ओहोळ जीपने पार केला, पण खाली उतरून चालताना माझी एक चप्पल चिखलात रुतली ती रुतलीच. निर्मलाच्या दारात मी एक पाय अनवाणी अशी पोचले.

अक्का

"या बाई, या. वाटमा तरास नही ना झाया?"

अक्का ओसरीवर सूप घेऊन बसल्या होत्या. माझ्या पायाकडे त्यांनी एकदाच पाहिलं, उठल्या आणि आतून आपली चप्पल आणून पुढे ठेवली. मी मनात म्हटलं, दिसत नाही म्हणतात, आणि पहिल्यांदा दिसली ती माझी चप्पल!

त्यांची अहिराणी मला समजते, बोलता येत नाही. आमच्या यावलकडची बोली वेगळी. इथे सगळ्याला बठ्ठा म्हणतात आणि ळ चा य होतो. काळा काया, डोळा डोया. दोन दिवसांत कान सरावला.

संध्याकाळी नागलीची भाकरी, उडदाची डाळ आणि तरोट्याची भाजी होती. आमच्याकडे भात हा सणाचा, नाहीतर आजाऱ्याचा. इथे तो रोज, आणि शेवटच्या घासापर्यंत. जेवताना मी हळूच डोळ्यांचा विषय काढला. माझी शस्त्रक्रिया, मग हिरवा पडदा, मग थेंब, सगळं सांगितलं.

अक्का ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "सुईमा दोरा आज बी मीच ओवस, बाई. पन वावरमा गऊ की समजत नही, कोनता खरा न कोनता खोटा."

बोलता बोलता त्यांनी ताटाखालून भाताचं एक शीत उचललं आणि ताटात ठेवलं. मला ते दिसलंही नव्हतं.

पुढची हकिकत निर्मलाने सांगितली. गावातल्या सहा-सात बाया आळीपाळीने एकमेकींच्या शेतात निंदणी करतात. वीस वर्षं अक्का त्यांच्या पुढे असायच्या. भातात एक तण येतं, अगदी भातासारखंच. पान तसंच, खोड तसंच, उंची तशीच. फक्त कणसं येतात तेव्हा कळतं. त्याच्या दाण्याला लांब कुस, म्हणजे केसासारखं टोक, असते, आत तांबडा तांदूळ असतो, आणि पिकायच्या आधीच दाणे झडून मातीत जातात. पुस्तकात त्याला रानभात म्हणतात, अक्का खोटा भात म्हणतात. दाणा झडला की पुढच्या वर्षी पुन्हा उगवायला तयार. रोप लहान असतानाच तो ओळखणारी गावात एकच बाई होती, अक्का, आणि त्याही दहातला एखादा सोडायच्याच.

सहा वर्षांपूर्वी अक्कांचा मुलगा रतन, म्हणजे निर्मलाचा नवरा, याने नवापूरकडच्या पाहुण्यांकडून वेगळं बियाणं आणलं. त्याचं पान जांभळं, तांदूळ मात्र पांढरा, नेहमीसारखा. मग काय, शेत सगळं जांभळं आणि खोटा भात हिरवा.

"हिरवं दिसनं का उपटानं," अक्का मध्येच म्हणाल्या. "डोकं लावानं कामच नही."

तीन वर्षं मजेत गेली. सगळ्या गावाने तेच बियाणं घेतलं. चौथ्या वर्षी कणसांच्या वेळी इथे तिथे कुस दिसली. पाचव्या वर्षी जास्त. आणि गेल्या वर्षी अक्कांच्या टोळीने निंदलेल्या शेतांत निम्मा दाणा जमिनीवर सांडला. अक्कांची जोडीदारीण कमलबाई बांधावर सगळ्यांसमोर म्हणाली की अक्काला आता दिसत नाही, अक्काने खोटा भात राखला. ऑपरेशन त्याच्या सहा महिने आधी झालेलं, त्यामुळे सगळ्यांना ते पटलं. यंदा निंदणीला कोणी अक्कांना हाक मारली नाही. रतनने पुढच्या वर्षी मका लावायचं ठरवलं होतं.

"न कमल खोटं बोलनी नही," अक्का म्हणाल्या. "मन्हा हातखालूनच गयं ते."

खाचरात

दुसऱ्या दिवशी मी हट्टाने त्यांना शेतात नेलं. खरं तर त्याच मला घेऊन गेल्या, कारण बांधावरून चालणं मला जमेना.

जांभळा भात मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. पावसाने धुतलेलं ते खाचर कांद्याच्या सालीच्या रंगाचं होतं आणि मागचा डोंगर हिरवा, त्यामुळे आणखीच गडद वाटत होतं. अक्का बांधावर थांबल्या. आत उतरायला त्यांचा पाय होईना. मीच साडी खोचून उतरले आणि म्हटलं, तुम्ही सांगा, मी उपटते.

"हिरवं देखा."

हिरवं जवळजवळ नव्हतंच. अख्ख्या ओळीत मी पाच-सहा रोपं काढली, तीही धुऱ्याकडची, बांधालगतची. बाकी सगळं एकसारखं जांभळं. मला वाटलं, शेत तर स्वच्छ आहे.

"निम्मं खोटं शे त्यामा," अक्का बांधावरून म्हणाल्या.

"कशावरून?"

"मागला साल बी असंच दिखे."

तिथे चिखलात उभी असताना मला पहिल्यांदा शंका आली, की चूक अक्कांच्या डोळ्यांची नसावी. मी शाळेत इतकी वर्षं वाटाणे शिकवले. उंच आणि ठेंगू, जांभळं फूल आणि पांढरं फूल, फळ्यावर चौकोन काढून. नंतरचा धडा उत्क्रांतीचा. जिराफाची मान, झाडाच्या सालीवरचे पतंग. मुलं विचारायची, बाई, हे आत्ता कुठे दिसेल? मी सांगायचे, त्याला लाखो वर्षं लागतात. परीक्षेत तो प्रश्न पाच गुणांना यायचा.

परत येताना मी अक्कांना विचारलं, "गेल्या वर्षीची त्या खोट्या भाताची कणसं कुठे मिळतील?"

घरी आल्यावर त्यांनी देव्हाऱ्यामागून एका फडक्याची पुरचुंडी काढली. आत सात-आठ कणसं होती, काळपट, लांब कुसांची. दाणे बहुतेक झडून फडक्यातच पडले होते. स्वतःविरुद्धचा पुरावा त्यांनी वर्षभर देवामागे जपून ठेवला होता. कोणाला दाखवला नव्हता.

"हे पेरून बघू," मी म्हटलं.

"खोटं कोन पेरस, बाई?" अक्का इतक्या दचकल्या की निर्मला आतून धावत आली.

घमेलं

निर्मलाने अंगणवाडीतून एक फुटकं घमेलं आणलं. माती मात्र आम्ही खाचरातली घेतली नाही. मीच नको म्हटलं, कारण त्यात आधीचं काय पडलेलं असेल सांगता येत नाही. डोंगराकडून माती आणली, चाळली, चुलीवर भाजून घेतली. माझी ही व्यवस्था पाहून रतनला हसू आवरेना. "मॅडम, मातीले फोडणी बी देशात का?" अक्कांनी दाणे रात्रभर भिजवले, ओल्या फडक्यात बांधले, मोड आल्यावर एकेक मोजून पेरले. दाण्याचं तोंड कुठल्या बाजूला ठेवायचं हे त्यांच्या बोटांना माहीत होतं.

मी घरी फोन केला की मुक्काम वाढलाय. यजमानांनी कारण विचारलं. मी म्हटलं, घमेल्यात भात पेरलाय. मग त्यांनी विचारलं, "दूधवाल्याला काय सांगू?"

ते दिवस फार निवांत गेले. माझी केळी तिसऱ्या दिवशी पिकली, दोन्ही फण्या एकाच सकाळी, एकही केळं मागे राहिलं नाही. शेजारपाजारच्या सगळ्यांना बोलावून ती संपवावी लागली. अक्कांना त्याचं नवल वाटलं. त्यांच्या परसातला आंबा महिनाभर थोडा थोडा पिकतो. मी सांगितलं, आमच्या केळीला बी नसतं. एका झाडाच्या कंदातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं, त्यामुळे सारा मळा म्हणजे एकच झाड हजार ठिकाणी उभं. चांगलं असलं तर सगळं चांगलं. रोग आला की सगळ्यांना एकदम. माझ्या वडिलांनी एका वर्षी तसा अख्खा मळा उपटून काढला होता. त्यात वाचलेलं एखादं वेगळं झाड शोधायला ते सकाळपासून दुपारपर्यंत फिरले होते, आणि तसं झाड नव्हतंच.

"न बी राह्यनं म्हंजे?" अक्कांनी विचारलं.

"बी असलं की आई आणि बाप दोघांचं थोडं थोडं येतं. म्हणून प्रत्येक रोप जरासं वेगळं."

त्या विचार करत राहिल्या. मग ओसरीवर बसलेल्या नातीचे केस मागे सारून तिचा कान मला दाखवला. कानाची पाळी गालाला चिकटलेली होती. "मन्हा सासराना कान," त्या म्हणाल्या. "मन्हा मालकले नव्हता, रतनले नही. हाई पोरले कोठून उना?" पुढचा तासभर आमचा घरादारातल्या नाकांचा आणि कानांचा हिशेब चालला. जे मला फळ्यावर शिकवायला दोन तास लागायचे ते अक्कांना माणसांत दिसत होतं. एक पिढी दडून बसलेलं पुढच्या पिढीत वर येतं, हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती.

माझ्या मुक्कामाच्या पाचव्या दिवशी अंकुर वर आले, सुईएवढे. रंग कळेना. त्या दिवसापासून अक्का सकाळी उठल्या की आधी घमेल्यापाशी जायच्या.

आठव्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन बाहेर आले तेव्हा त्या घमेल्यापुढे उकिडव्या बसल्या होत्या. पानं बोटभर उंच झाली होती. बहुतेक जांभळी, काही हिरवी. मी काही बोलणार इतक्यात त्यांचा हात पुढे झाला. वीस वर्षांच्या सवयीचा हात. एक हिरवं उपटलं, दुसरं, तिसरं, भराभर, मुळासकट, आणि डाव्या मुठीत जमा केलं. घमेलं स्वच्छ झालं. आत राहिली ती सगळी एकसारखी जांभळी, सुरेख रोपं. एखाद्या चांगल्या निंदलेल्या शेतासारखी.

अक्कांचा हात तिथेच थांबला.

त्या कितीतरी वेळ त्या रोपांकडे बघत होत्या. ती सगळी खोटी होती, हे त्यांना माहीत होतं. दाणे त्यांनी स्वतः मोजून पेरले होते. मग त्यांनी मूठ उघडून हिरवी रोपं पाहिली. तीही खोटीच.

"हाई तर मीच करं," त्या हळूच म्हणाल्या. "हिरवं उपटं, जांभयं राखं. दर साल."

मी चहा खाली ठेवला. मला बोलायचं होतं ते सगळं त्यांनी आधीच बोलून टाकलं होतं.

तरी नंतर आम्ही बसून नीट मांडलं. धुऱ्याकडेला, पाण्याच्या चरात काही हिरवा खोटा भात पहिल्या वर्षीही राहिला असणार. तो आणि जांभळा भात एकाच वेळी फुलोऱ्यावर आले. वाऱ्याने जांभळ्याचा पराग खोट्यावर गेला. त्यातून चार-दोन दाणे असे झाले की पान बापाचं, जांभळं, आणि कुस, तांबडा तांदूळ, झडायची खोड आईची. पुढच्या वर्षी गावातल्या सगळ्या बायांनी मिळून हिरवे वेचून काढले आणि जांभळे ठेवले. ज्यांना ठेवलं त्यांनीच दाणे झाडले. त्यांची पोरं पुन्हा जांभळी. असं सहा वर्षं. कोणी ठरवलं नव्हतं, खोट्या भाताला तर काही कळतही नव्हतं. थोडे वेगळे जन्मले, त्यांतले काही राहिले, राहिलेल्यांचं पुढे गेलं. एवढ्यानेच गावातलं एक तण बदलून गेलं. अशाच लहान लहान बदलांना खूप वर्षं दिली आणि वाटा वेगळ्या झाल्या, की एका जातीच्या दोन होतात. रानातला भात आणि ताटातला भात तसेच कधीतरी वेगळे झालेले. इथे ते आमच्या डोळ्यांदेखत पुन्हा एकमेकांत मिसळत होते.

धड्यात मी "निसर्ग निवड करतो" असं लिहून द्यायचे. इथे निवडणाऱ्या बायांची नावं मला माहीत होती.

"मंग मन्हा डोया?" अक्कांनी विचारलं.

"तुमचे डोळे तेच आहेत. भात बदलला."

त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि आत निघून गेल्या. निर्मला त्यांच्या मागे जायला निघाली, मी तिला थांबवलं.

कमलबाई

कमलबाईंना बोलवायचं निर्मलाने ठरवलं. अक्का नको म्हणत होत्या. "तिले काय दाखाडानं? ती खरंच बोलनी व्हती." पण दुपारी कमलबाई आणि आणखी चौघी आल्या. सगळ्या ओसरीच्या कडेला, परक्यासारख्या बसल्या.

पहिल्या घमेल्याबरोबरच आम्ही दुसरं एक घमेलंही पेरून ठेवलं होतं. त्याला मुद्दाम हात लावला नव्हता, तेच दाणे, हिरवी आणि जांभळी दोन्ही रोपं. अक्कांनी ते उचलून कमलबाईंच्या पुढ्यात ठेवलं.

"निंद," एवढंच म्हणाल्या.

कमलबाई जाड अंगाच्या, चटपटीत बाई. त्यांनी क्षणभर सगळ्यांकडे पाहिलं, मग सरळ हिरवी रोपं वेचून बाजूला टाकली. काम चोख. दोन मिनिटांत घमेलं साफ.

"खरा भात राह्यना का आते?" अक्कांनी विचारलं.

"राह्यना."

अक्कांनी फडक्यातली कुसाची कणसं त्यांच्यासमोर ठेवली. "हाई पेरेल व्हतं. बठ्ठं खोटं शे. एक बी दाना खरा नही त्यामा."

कमलबाईंनी एक जांभळं रोप उपटून नाकाजवळ नेलं, पान दोन बोटांत फिरवलं, मुळाशी असलेली दाण्याची टरफलं बघितली. कुसाचा तुकडा अजून चिकटलेला होता. त्यांचा चेहरा हळूहळू उतरला. त्या अक्कांकडे बघेनात, माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मंग मन्हा वावरमा बी मी स्वताच..."

"आपन बठ्ठ्या," अक्का म्हणाल्या.

माफी वगैरे कोणी मागितली नाही. चहा झाला, मक्याच्या कणसांच्या किमतीवर बोलणं झालं, बाया गेल्या. मला जरा रुखरुख लागली. आमच्याकडे निदान कोणीतरी हात धरून दोन शब्द बोललं असतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासत असताना गल्लीतून आवाज आला.

"अक्का, वं अक्का! चाल, निंदाले जानं शे!"

अक्कांनी भाकरी तव्यावर तशीच टाकली. विळा घेऊन त्या इतक्या झपझप निघाल्या की निर्मला मागून ओरडत होती, आई, खाऊन तरी जा.

मीही गेले. उपटण्यासारखं फार नव्हतंच, काय उपटायचं हेच कोणाला ठरवता येत नव्हतं. बांधावर बसून सगळ्यांनी तेच बोलणं चालवलं. आता पुढे काय? एक म्हणाली, रतन म्हणतो तसा मका लावू. दुसरी म्हणाली, औषध मारू. अक्का ऐकत गवताची काडी चावत होत्या. एकदम म्हणाल्या,

"पुढला साल हिरवा भात पेरसूत. आपला जुना. मंग जांभयं दिसनं का उपटानं."

सहा वर्षं हिरवे उपटून उपटून खोटा भात बहुतेक जांभळा झालेला. त्याच्यात हिरवा भात लावला की तो उघडा पडणार. इतकं सोपं, आणि आठ दिवसांत माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

"न हिरवा खोटा निंघना तर?" कमलबाईंनी विचारलं. हा प्रश्न बरोबर होता. थोडे हिरवे राहणारच, आणि मग सगळ्यांचे हात जांभळ्याच्या मागे लागले की हेच हिरवे वाढत जाणार.

"तर परत जांभया पेरसूत. त्यानासंगे आपन बी बदलत राहसूत."

जुन्या हिरव्या भाताचं बियाणं कोणाकडे आहे, यावर शोधाशोध झाली. ते निघालं कमलबाईंच्याच माळ्यावर, कणगीत, सासूच्या वेळचं. पूजेला लागतो म्हणून त्या दर वर्षी घरामागे वाफाभर लावत होत्या. त्या वाफ्याच्या आसपास जांभळं काही नव्हतं, म्हणून ते शुद्ध राहिलं होतं.

दोन दिवसांनी मी निघाले. डोळे तपासायला जायचा विषय कोणी पुन्हा काढला नाही.

यंदा

यंदा श्रावणात निर्मलाने फोन करण्याआधीच मी पिशवी भरली होती.

खाचर ओळखू आलं नाही. पूर्ण हिरवं, डोंगराला मिळून गेलेलं. बांधावर मात्र जांभळ्या रोपांचे ढीग पडले होते, एका जागी नाही, दर दहा पावलांवर. बाया रांगेत वाकून चालल्या होत्या आणि कोणी हसत होतं, कोणी गाणं म्हणत होतं. अक्का पुढे, कमलबाई त्यांच्या डाव्या हाताला. रतनने निम्म्या शेतात मका लावलाच होता, म्हणाला, "आईवर विश्वास शे, पन निम्माच."

मीही रांगेत उतरले. जांभळं दिसायला लागलं की हात आपोआप चालतो, डोकं लागत नाही हे खरं. एक ओळ पुरी करून अक्कांच्या बाजूला आले तेव्हा त्या एका हिरव्या रोपापाशी थांबल्या होत्या. त्याच्या खोडाला त्यांनी लाल चिंधी बांधली. पुढे थोड्या अंतरावर अशाच आणखी दोन-तीन चिंध्या दिसल्या.

"हे काय?"

"पान जरासं सैल वाटस," त्या म्हणाल्या. "तुम्हले काय वाटस? खरा का खोटा?"

मी वाकून पाहिलं. पान हातात घेतलं, खोड चेपून पाहिलं, शेजारच्या रोपाशी लावून पाहिलं. दोन्ही सारखीच हिरवी.

"मला खरा वाटतो," मी म्हटलं. "तुम्हाला?"

अक्का सरळ उभ्या राहिल्या, कमरेवर हात ठेवून.

"माले बी आते सांगता येत नही. फुलोरा निंघी तवय समजी," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या रोपाकडे वळल्या.